पांघरुणाखालची उष्णता

पवनचक्क्यांची पाती घडवणाऱ्या कारखान्यात तो एकोणीस वर्षे गणित करीत होता. काचतंतूंच्या थरांत राळ भरून पाते भट्टीत गेले की राळ स्वतःच तापते आणि तापता तापता घट्ट होते. ही उष्णता बेताबाहेर गेली, तर पाते बाहेरून धडधाकट दिसते; आतून करपलेले असते. ती कुठवर चढेल, हे तो संगणकावर आधीच काढून देई. कामगार त्याला ज्योतिषी म्हणत. भट्टीपाशी जाण्याची गरज त्याला कधी वाटली नाही. त्याचा दोष एवढाच, आणि तो लहान नव्हे.

एकदा साच्याला लावलेल्या तापमापकाचे आकडे येईनात, म्हणून तो खाली गेला. भट्टीचा मुकादम त्याचा सख्खा मेव्हणा. भट्टीत पात्यावर जाड लोकरीचे आच्छादन होते.

"हे काय?"

"पांघरूण, भावजी. थंडी वाजते त्याला!" मेव्हणा हसला. "वरची ऊब वाया जात नाही. दीड तास वाचतो. वर्ष झालं की."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत कधी?"

पात्याच्या दोन्ही अंगांनी उष्णता सारखीच बाहेर पडते, असे धरून त्याने आजवर पात्याच्या अर्ध्याच जाडीचे गणित केले होते. उरलेली अर्धी तशीच असणार, हे गृहीत होते. त्याने वर पांघरूण घालून गणित पुन्हा मांडले. साच्याकडचा पृष्ठभाग ऐंशी अंशांवर, मध्य दोनशेच्या पुढे. गणितात भट्टी विझवली, तरी मध्याचा आकडा चढतच राहिला.

दुसऱ्या दिवशी ते पाते कापले. गाभा तपकिरी होता, भेगाळलेला. मेव्हण्याचा चेहरा उतरला.

"अशी किती गेली?" त्याने मेव्हण्याला विचारले.

"एक्केचाळीस. सगळी फिरतायत."

"आणि खाली माणसं राहतात."

"भावजी, पांघरुणाचं लिहू नका. नोकरी जाईल माझी. ताईच्या तोंडाकडे तरी बघा. राळ खराब होती म्हणा ना!"

"मग राळेच्या त्या एका खेपेचीच पाती तपासतील. बाकीची?"

मेव्हणा पाठ फिरवून भट्टीकडे निघून गेला.

त्याने व्यवस्थापनाला पत्र लिहिले. पहिले वाक्य स्वतःच्या चुकीचे: मी अर्धीच जाडी मोजली. दुसरे पांघरुणाचे. तिसरे, सर्व चक्क्या आजच थांबवाव्यात.

दुसऱ्या वाक्यावर तत्काळ कारवाई झाली; मेव्हण्याला त्याच आठवड्यात घरी बसवले. तिसऱ्यावर लेखी उत्तर आले: वाऱ्याचा हंगाम ऐन भरात आहे, तो सरल्यावर विचार करू.

बायकोने ते उत्तर दोनदा वाचले.

"माझ्या भावाला घालवलंत," ती म्हणाली, "आणि चक्क्या तर चालूच आहेत."

ती चूक बोलत नव्हती.