माझ्या खोलीत लादी उगवली

नागपुरात आमच्या नंदनवनच्या घरात एकच कूलर आहे आणि तो माझ्या खोलीत आहे. त्यामुळे मे महिन्यात माझ्यावर सगळ्यांचं प्रेम असतं. त्या वर्षी नातीचं जरा जास्तच होतं. ती कुही गावाहून तणसाचं, म्हणजे भाताच्या पेंढ्याचं, पोतं घेऊन भर दुपारी आली आणि म्हणाली, "आजी, तुझी खोली दहा दिवस मले दे."

"काहून? माझ्या दहाव्याची तयारी करून राहिली का?"

"लादी उगवायची आहे."

लादी खाणीतून निघते एवढं मला माहीत होतं. नात कॉलेजात असलंच काहीतरी शिकते. काय शिकते ते मी चार वेळा विचारलं, पाचव्यांदा सोडून दिलं. पण लादीचं तिनं नीट सांगितलं. धानाचं तणस बारीक तोडायचं, वाफवायचं, त्यात मश्रूमचं बियाणं कालवून साच्यात दाबायचं. बुरशीचे पांढरे धागे आत शिरतात आणि तणसाला घट्ट बांधतात. अशी लादी छतावर टाकली की घर कमी तापतं. भाजून बुरशी मारली की काम सोपं, ते पुष्कळ जण करतात म्हणे. हिला मात्र लादी जिवंतच ठेवायची होती. मोडली तर तुकडे शेजारी ठेवायचे, आपसूक जुळतील.

"माझा गुडघा जुळत नाही अन् तुझी लादी जुळते?"

"जुळते वं आजी. थंड खोलीत जुळते."

अडचण तीच होती. कॉलेजची एसीची खोली सुटीत कुलूपबंद. तिच्या सरांनी सांगितलं होतं, नागपूरच्या उन्हाळ्यात, साध्या घरात सहा लाद्या एकसारख्या उगवून दाखव, नाहीतर हा विषय सोड. दोन वर्षं तिनं त्यात घातली होती. मी खोली दिली.

मी हॉलमध्ये आले. तिथला पंखा गरम हवा फिरवतो, बाकी काही करत नाही. सून म्हणाली, "बुरशी कूलरमध्ये अन् तुम्ही हॉलमध्ये! माझ्या माहेरचे आले होते तेव्हा नाही दिली तुम्ही खोली."

"तुझ्या माहेरचे उगवणार नव्हते," मी म्हटलं.

नातीनं हाताला स्पिरिट चोळून सहा साचे भरले, वरून गांधीबागेच्या बाजारातून आणलेलं मांजरपाट आणि प्लॅस्टिक बांधलं आणि मला कायदे सांगितले. झाकण उघडायचं नाही. बोट लावायचं नाही. कूलरमध्ये पाणी घालायचं आणि बाहेर यायचं.

"तुले वाढवताना एवढे कायदे नव्हते."

"म्हणून तर मी अशी निघाली."

तीन दिवसांत तणसावर पांढरं दिसू लागलं. चौथ्या दिवशी ती सरांना भेटायला गेली आणि मी पाणी घालायला आत गेले. प्लॅस्टिकच्या आतून थेंब लोंबत होते. आता, मी जन्मभर मुगाला मोड आणले आहेत. फडक्यातल्या मुगाला घाम आला की फडकं सोडून हवा द्यायची, नाहीतर वास मारतो. मी पाच साच्यांची झाकणं सोडली. सहावा साचा टेबलाखाली होता, तिथवर वाकायला गुडघ्यानं नकार दिला. अर्धा तास पाचही जणी कूलरसमोर उघड्या पडल्या होत्या. मीही खाटेवर पडले. आम्हा सहाही जणींना बरं वाटलं. मग मी सगळं होतं तसं बांधून ठेवलं.

तीन दिवसांनी पाच लाद्या हिरव्या झाल्या. टेबलाखालची एकटी पांढरीशुभ्र.

नातीनं एकेक साचा उचलून पाहिला. "आजी, तू उघडलं?"

"हो."

"काहून पण?"

"घामाघूम झाल्या होत्या."

ती फरशीवर बसून रडली. मी समजूत घातली नाही, चूक माझीच होती आणि समजूत घालून हिरवं पांढरं होत नाही. मी कूलरची मागची जाळी काढली. आतल्या गवतावर तोच हिरवा थर.

"मी उघडलं हे खरं. पण हा माल माझ्या हातचा नाही, इथला आहे. पाहून घे."

रडणं थांबवून तिनं तो थर बाटलीत खरवडून घेतला. दुसऱ्या दिवशी सहाही लाद्या तशाच सरांपुढे नेल्या आणि जे झालं ते सांगितलं. सर म्हणाले, "आजीनं अर्धा तास झाकण उघडलं तर लादी मरते. मग छतावर धूळ, पाऊस, कबुतरं, तिथं कशी जगेल?" ही म्हणाली, कोवळी असताना जपावी लागते, कधीपर्यंत ते मला शोधू द्या. सरांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली. पास नाही, नापासही नाही.

घरी येऊन मला म्हणते, "आता तू मुद्दाम उघडायचं. अन् वहीत लिहायचं."

"मी चौथी शिकली आहे."

"चौथी पुरते."

पावसाळा लागून कूलर बंद झाला होता, तर तोच हिरवा थर जवळ असावा म्हणून तिनं त्यातलं कुजकं गवत टोपलीत भरून नव्यानं भरलेल्या सहा साच्यांजवळ ठेवलं. मी रोज वेगळ्या साच्याचं झाकण अर्धा तास उघडायची आणि पुढं काय झालं ते लिहायची. तिसऱ्या दिवशी उघडली, हिरवी. पाचव्या दिवशी उघडली, डाग पडला. आठव्या दिवशी उघडली, पांढरी. ती पांढरी लादी नातीनं माझ्यासमोर मोडली, तुकडे भिडवून ठेवले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, हात नाही लावायचा."

मोडल्यापासून पाचव्या दिवशी मी एक तुकडा उचलला. दुसरा सोबत आला. मी वहीत लिहिलं, "जुळली. ओढून पाहिली. तुटली नाही."

नातीनं वाचलं. "ओढली? किती जोरानं?"

"आता ते कसं सांगू? ओढली."

"असं नाही चालत वं. सरांना आकडा लागतो."

तिनं लादीला दोरी बांधून बादली लटकवली आणि मापानं पाणी ओतू लागली. अर्धी बादली भरली आणि जोड सुटला. पाणी माझ्या पायावर. तिनं माप लिहून घेतलं आणि तुकडे पुन्हा शेजारी भिडवून ठेवले.