फणसाचा चीक आणि सोसायटीचं मेंब्रेन

रविवार, ११ मे. रक्कम एक लाख ऐंशी हजार. हजर: सोसायटीचे अध्यक्ष, मेकॅनिक, खजिनदार म्हणून मी, आणि बोलावलं नसताना आलेली माझी बायको.

आमचं सांडपाणी आवारातच गाळून नारळांना सोडतात. गाळायला मेंब्रेन आहेत, म्हणजे अतिशय बारीक छिद्रांचे पडदे. ते इतके बुजले होते की पंप नुसता घरघरायचा आणि पाणी निम्मंच यायचं. नवे घ्यायचे तर वरची रक्कम.

मेकॅनिकने एक पडदा वर काढला. त्यावर तेलकट थर होता. अध्यक्षांनी बोट लावलं, ते सहज सुटेना.

"हा फणसाचा चीक. वहिनी, तुमची फणसपोळी यंदा बंद ठेवा."

बायको दर उन्हाळ्यात फणसपोळी करून विकते. तिची स्वतःची कमाई तेवढीच, आणि निम्म्या ऑर्डरी अजून व्हायच्या होत्या.

"काल तुमच्याकडे भाजी कसली होती हो, भावजी?"

"फणसाची," अध्यक्ष पुटपुटले.

"मग? तुमचा फणस काय बिनचिकाचा?"

मी घरोघर विचारून आलो. रीत सगळीकडे एकच: हाताला, विळीला खोबरेल लावायचं, फणस कापायचा आणि सगळं सिंकमध्ये गरम पाण्याने धुवायचं. गरम पाण्यात चीक वाहून जातो खरा, पण टाकीत पाणी निवलं की तेलासकट पडद्यांना धरतो.

"पावसला माहेरी आमच्याकडे चीक आधी सोडणाने पुसतात," बायको म्हणाली. नारळाच्या सुक्या सालीला तोटा नव्हताच. तिने प्रत्येक दाराशी सोडणं नेऊन ठेवली. पुसायचं, सोडण कचऱ्यात टाकायचं, मगच धुवायचं, असं ठरलं.

मेकॅनिकने पडदे आधी ब्लीचिंगच्या पाण्यात भिजवले, स्वच्छ धुतले आणि मग लिंबूसत्वाच्या पाण्यात ठेवले.

"लिंबूसत्व कशाला? कोकमाचं आगळ ओता," अध्यक्ष म्हणाले. "नारळ आहेतच, सोलकढी होईल."

पाणी पुन्हा पूर्ण येऊ लागलं. पडदे बुजू लागले की दाबाचा काटा चढतो, म्हणून तो मी रोज सकाळी बघत होतो. घरोघर फणस कापले जात होते, आमच्याकडे तर सर्वांत जास्त, तरी तो चढला नाही. बायकोच्या सगळ्या ऑर्डरी पूर्ण झाल्या.

नवे पडदे घेतले नाहीत. धुण्याचे साडेसहा हजार मेकॅनिकला दिले. त्यातले चारशे त्याने तिथेच माझ्या बायकोला देऊन फणसपोळी नेली.