साडूभाऊंचा तिसरा डबा

आमच्या साडूभाऊंइतका हट्टी माणूस ठाणे जिल्ह्यात दुसरा नसेल. आणि असलाच, तर त्यांना भेटून तोही सुधारला असेल. घर निजामपुऱ्यात, दोन्ही भिंतींना लागून कापडाचे खडखडणारे लूम. त्या आवाजावर ओरडून बोलायची सवय, त्यामुळे ते कुजबुजले तरी शेजारी उत्तर देत. सत्तरच्या दशकात आम्ही दोघे रस्तेबांधणीच्या एकाच कचेरीत होतो. ते मुरलेले इंजिनिअर. मी नुकताच पदवी घेतलेला, म्हणून सर्वज्ञ.

शेलारजवळच्या ओढ्यावर मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायची वाट, बांधायची होती. ती लहान पडली असती, तर पाणी रस्त्याला तुंबून वरच्या अंगाची घरं बुडाली असती. किती पावसाला ओढा किती फुगेल, हे पाहायला साडूभाऊंनी रॉकेलचे रिकामे डबे उतरंडीसारखे रचले. वरचा डबा म्हणजे डोंगर, मधला म्हणजे माळजमीन. बाजूचं भोक म्हणजे वाहणारं पाणी, तळाचं म्हणजे जिरणारं. मी हुशारीने झाडांच्या पानांचं, उन्हाने सुकणाऱ्या पाण्याचं, शिवाय खेकड्यांच्या बिळांचंही भोक पाडलं. बादली ओतली, आणि सगळा पाऊस माझ्या नव्या पँटवर पडला.

"पाहुणे, ही चाळण झाली!" साडूभाऊ गरजले. "निसर्गात सगळंच असतं हो. ओढ्याला ज्याने फरक पडतो तेवढंच डब्यात. भोकाला कारण द्या, नाहीतर बुजवा!"

मी भोकांना मेण लावत बसलो.

तिसरा डबा मात्र त्यांचा जीव की प्राण. तो भातखाचरांचा. भोक पार काठाशी, कारण खाचरं बांध भरेपर्यंत पाणी धरून ठेवतात आणि भरली की सगळी एकदम सोडतात. या डब्यामुळे हिशोबात मोरी दुप्पट निघाली. खर्चाचा आकडा पाहून ठाण्याहून मोठे साहेब आले.

"हा डबा काढा. मोरी निम्मी होईल. नाहीतर तुमची बदली."

"मग खाचरांचीही बदली करा!" कचेरीभर ऐकू गेलं. "डबा राहणार. लहान मोरी हवी, तर नकाशावर सही तुमची!"

साहेबांनी मला मत विचारलं. मी म्हणालो, "दोन्ही बाजूंत तथ्य आहे." साडूभाऊ महिनाभर माझ्याशी बायकोमार्फत बोलले.

सही करायला साहेब धजले नाहीत. मोरी मोठीच झाली, आणि साडूभाऊंची बदली अशा तालुक्यात झाली, जिथे ओढे फक्त नकाशात वाहतात.

मोरी पाहून गावकरी मला हसले. "सायेब, यातून बैलगारी जाईल. पानी हाय कुठं?"

अजूनही झड लागली की मी सायकल काढून तिथे जातो. पाणी मोरीच्या निम्म्यावर चढतंय का, ते बघत उभा राहतो. कधी वाटतं चढलं, कधी वाटतं लाटच होती. साडूभाऊंना काय कळवावं, सुचत नाही. तेवढ्यात वरच्या अंगाच्या घरातून कुणीतरी हाक मारतं, "भिजताय कशाला? आत या!"

मी जातो. घर कोरडं असतं.