थांबा काका आणि पंपाचं सेटिंग

ऑफिसात त्यांना सगळे 'थांबा काका' म्हणत, अर्थात पाठीमागे. चालता प्रोग्रॅम मध्येच थांबवून त्याच्या आत डोकावायचं, हे डीबगर नावाच्या सॉफ्टवेअरचं काम. काका माणसांनाही असंच बोलता बोलता मध्येच थांबवत. त्यांनी प्रत्येक प्रोग्रॅमसाठी डीबगरचं वेगळं सेटिंग करून ठेवलं होतं: कुठे थांबायचं, कोणते आकडे डोळ्यांसमोर ठेवायचे, कोणत्या चुकीकडे काणाडोळा करायचा. बाकीचे सगळीकडे एकच सेटिंग वापरत. "घरादाराला एकाच मापाचे कपडे शिवा, आणि मग लोंबतात म्हणून रडा," असं काका तोंडावर ऐकवत. शहाणपणाचा मक्ता त्यांनी एकट्यानेच घेतला होता ना!

नव्या बाई बारा वर्षं मुलं सांभाळून नोकरीत परतल्या होत्या. पहिले तीन महिने कच्ची नोकरी, आणि कायम करायचं की नाही याचा निर्णय शुक्रवारी. त्याच शुक्रवारी रुग्णाच्या शिरेत ठरावीक वेगाने औषध सोडणारे, याच ऑफिसच्या प्रोग्रॅमवर चालणारे पंप दवाखान्यांकडे रवाना व्हायचे होते.

सोमवारी बाई म्हणाल्या, "काका, औषधाची बाटली बदलली की पंपाचा प्रोग्रॅम थांबतो. शून्याने भागाकार होतोय."

"माझ्याकडे तर मस्त धावतोय."

"पण माझ्याकडे दर वेळी..."

"मग चूक पंपात नाही, खुर्चीत बसलीये."

काकांनी आपलं सेटिंग त्यांच्या कंप्युटरवर घातलं. थांबणं बंद. "बघितलंत?" ते इतक्या मोठ्याने म्हणाले की पलीकडच्या टेबलांवर माना वळल्या. मॅनेजरनाही त्यांनी सांगून टाकलं की बाईंना अजून हत्यार धरता येत नाही. बाईंनी टेबलावरचा मुलांचा फोटो पर्समध्ये ठेवला.

शुक्रवारी सकाळी काकांना नवा कंप्युटर मिळाला. जुनी सेटिंगं त्यावर चढेनात, म्हणून एकेक ओळ हाताने भरायला बसले. पंपाच्या पानावर आले आणि स्वतःच थांबले. 'शून्याने भागाकार झाल्यास थांबू नये' या ओळीपुढे टिक होती. आठ वर्षांपूर्वी पंप अर्धवट होता, पावलोपावली अडकायचा, म्हणून दोन दिवसांपुरती त्यांनीच केलेली. प्रोग्रॅम धावत होता तो ठणठणीत होता म्हणून नाही, या टिकमुळे. बाटली बदलल्यावर पंप चूक गिळून जुन्याच वेगाने औषध सोडत राहिला असता, आणि पलंगावरच्या माणसाला ते कळलंही नसतं.

काकांनी टिक काढली. प्रोग्रॅम बाईंनी दाखवलेल्याच ओळीवर थांबला.

ते उठले. मॅनेजरच्या केबिनमध्ये बाई उभ्याच होत्या, टेबलावर त्यांना कामावरून कमी केल्याचं पत्र तयार होतं. काका दारातूनच काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणालात?" मॅनेजरनी विचारलं.

"पंप पाठवू नका. बाईंचं बरोबर होतं."

"ऐकू येत नाहीये. मोठ्याने बोला की, काका. सोमवारी तर तुमचा आवाज जिन्यापर्यंत येत होता."

काकांनी दार उघडंच ठेवलं, आणि पलीकडच्या टेबलांनाही ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा सांगितलं.