चितारी बघायला गेलो होतो

हसू नका असं म्हणत नाही, कारण हे ऐकून आमची मंडळी हातातलं ताट खाली ठेवून हसली. पण मी सांगलीला कशासाठी गेलो ते आधी ऐका.

आमचं गाव वाईजवळ. गावातल्या मठाच्या छतावर जुनी चित्रं आहेत. मोर, वेली आणि पिवळं लुगडं नेसलेली एक बाई. लहानपणी मी तिच्याकडे बघत तासन्‌तास उताणा पडून असायचो. तिच्यापायीच पुढं चित्रकलेचा मास्तर झालो. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी कुणा चिताऱ्यानं ती काढली. मला एकदा त्याचा चेहरा बघायचा होता. कसा दिसत असेल हो तो माणूस? निवृत्त झालो तरी हे मनातनं जाईना.

मग एका नातेवाइकाकडनं कळलं, तो चितारी पुढं सांगलीला राहिला आणि तिथल्या एका हळद व्यापाऱ्याकडे, अण्णांकडे, त्याचा त्या काळातला फोटो आहे. दुसऱ्याच दिवशी एसटी धरली.

अण्णांनी आतल्या खोलीत नेलं. भिंतीवर दोन फोटो. डावीकडच्याचे डोळे खोल, बोटं लांब, हातात ब्रशासारखं काहीतरी. उजवीकडे एक ढेरपोटे, पेंगुळलेले गृहस्थ. आता यात विचारायचं काय? मी डावीकडच्या फोटोला हात जोडले. डोळे भरून आले.

म्हटलं, "अण्णा, या हातांनी जन्मभर रंगात काम केलं."

"व्हय. पिवळ्या," अण्णा म्हणाले. "घरी आलं की मिशासकट पिवळं."

"पिवळ्यावर एवढा जीव?"

"समदं घर त्याच्यावर उभं ऱ्हायलं, गुरुजी."

मला ते लुगडं आठवलं. वही काढून तासभर तो चेहरा उतरवला. अण्णा चहा देत होते, खूश होते. तिथंच निघायचं की नाही? पण मला ज्ञान पाजळायचं होतं. उजवीकडे बोट करून म्हणालो, "आणि हे तुमचे पणजोबा. बघताक्षणी कळतं. सगळा जीव तराजूत. कलेचा वारासुद्धा लागलेला नाही."

अण्णांनी हातातला कप खाली ठेवला.

"आवं गुरुजी, ते चितारी हायत," ते म्हणाले. "तुमी काढलं ते आमचं पणजोबा. हातात हाय ती पोत्यातली हळद काढून बघायची सळई. दोघांची लय दोस्ती. फोटोवाला आला तवा एकाच दिवशी बसलं दोघं."

तीस वर्षं पोरांना शिकवलं, चेहरा वाचायला शिका म्हणून.

उजवीकडच्या फोटोसमोर जाऊन उभा राहिलो. त्या काळी फोटोसाठी किती वेळ न हलता बसावं लागायचं. जन्मभर दुसऱ्यांना निरखणारा माणूस, आज कुणीतरी आपल्याला निरखतंय म्हणून अवघडून बसला होता. आणि मी त्याला पेंगुळलेला ठरवला. नखांच्या कडेला रंग होता, तोही मला दिसला नव्हता. वही उघडली, पण एक रेघ धड उठेना.

माझं चित्र अण्णांनी ठेवून घेतलं. "फोटोपरास बरं आलंय," म्हणाले.

चिताऱ्यांचा फोटो मी मोबाइलवर घेऊन आलोय. रोज बघतो. पण डोळे मिटून त्यांना आठवायला गेलो, की येतात ते अण्णांचे पणजोबा. हातानं तासभर गिरवलेला चेहरा पुसत नाही हो. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो माणूस राहिला मोबाइलमध्ये, आणि मनात कायमचा हळदीचा व्यापारी येऊन बसलाय.