पाखऱ्याचा डावा डोळा

शामलाबाई नागपूरच्या महाल भागातल्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. मी तिथंच घंटा द्यायची, पाणी भरायची. माझं शिक्षण दुसऱ्या बुकापर्यंत. बाकीचं जे काही आलं, ते वर्गाच्या दाराबाहेर बसून.

नवरा घर सोडून गेला तेव्हा बाई उमरेडहून एक ट्रंक आणि रंगांची पेटी घेऊन नागपुरात आल्या. देव नाही, फुलं नाही, त्या जनावरंच काढायच्या. बकरी, गाढव, टांग्याचं घोडं. कोणी म्हटलं, "बाई, एक लक्ष्मी काढून द्या ना," तर म्हणायच्या, "समोर येऊन उभी राहिली तर काढते." पोरींनाही पुस्तकातलं उतरवू देत नसत. थेट गवळ्याच्या गोठ्यात नेत. शेणानं भरलेले पाय पाहून आया शाळेत भांडायला यायच्या, आणि दारात पहिली सापडायची मी.

हे गाऱ्हाणं शाळेच्या कमिटीच्या भैयाजींकडे गेलं. साल पंचावन्न असेल, पोळा आठ दिवसांवर. त्यांनी बाईंना बोलावलं.

"बाई, तुम्ही जनावरं समोर पाहून काढता म्हणे? मले तर वाटते फोटो पाहून काढता."

"समोर पाहूनच काढते, भैयाजी."

"मंग माह्या पाखऱ्याचं चित्र काढून आणा, पोळ्याच्या आत. खोटं दिसलं तर दुसरा मास्तर पाहून ठेवला आहे मी."

पाखऱ्या म्हणजे पांढरा, डोंगरासारखा आणि मारका बैल. एका गड्याची मांडी त्यानं फाडली होती. नोकरी गेली तर बाईंना उमरेडला भावाच्या दारात परत जावं लागणार होतं, आणि भावजय कशी होती ते मला ठाऊक होतं. एकदा भेटायला आली, तर पाणी पिण्याआधी बाईंची ट्रंक उघडून पाहिली तिनं.

मोठा कागद मिळेना. आम्ही कोष्टी, घरात माग. मी म्हटलं, "बाई, कापड मी देते." धोतराचा तुकडा फळीवर ताणला, वरून आमच्या घरची तांदळाची खळ दिली. वाळल्यावर कापड कसं पापडासारखं ताठ झालं. माझी छाती दोन बोटं फुगली.

चार दिवस बाई भैयाजींच्या गोठ्याच्या कुंपणाबाहेरून रंगवत होत्या. वशिंड झालं, गळ्याखालची लोंबती पोळी झाली, शिंगं झाली. डोळा राहिला. डोळा त्या शेवटी काढायच्या, आणि तोही हाताच्या अंतरावरून पाहून.

गोठ्यावरचा गडी गिरिधर म्हणाला, "बाई, एक काळा ठिपका द्या अन् मोकळ्या व्हा. कोण पाहून राहिलं?"

"पाखऱ्या पाहून राहिला ना गा."

पोळ्याच्या आदल्या दिवशी गिरिधर कडबा आणायला गेला आणि बाई फळी घेऊन आत शिरल्या. पाखऱ्या खुंट्याला बांधलेला. बाईंनी फळी गव्हाणीला टेकवली आणि गुडघ्यावर बसल्या. मी दाराशी रंगाची वाटी धरून. बैलानं मान झटकली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा खुंटा मातीसकट वर आला.

माझ्या हातातली वाटी पडली. मी कुंपणावर कशी चढले ते मला आजही सांगता येत नाही.

"बाई, पळा!"

"हलू नको वं कौशल्या." आवाज इतका बारीक, की त्याचीच मला जास्त भीती वाटली.

पाखऱ्या फुसफुसत आला. शिंग बाईंच्या कोपरापासून वीतभर. मान खाली घातली, चित्र हुंगलं, आणि खर्रकन जीभ फिरवली. मग पुन्हा. रंगवलेलं तोंड जिभेबरोबर निघून चाललं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. उन्हात सूत कडकडून तुटू नये म्हणून आमच्या घरी खळीत मीठ टाकतात. सवयीनं मी मूठभर टाकलं होतं!

"बाई, मीठ आहे जी त्यात! मीच टाकलं!"

"चूप. चाटू दे."

डाव्या हातानं फळी दाबून धरली, उजव्या हातात आधीच रंगात बुडवलेला कुंचला. एक नजर पाखऱ्याच्या डोळ्यावर, एक कापडावर. जीभ पुढं सरकत होती, कुंचला तिच्या पुढं. कपाळाचा घाम हनुवटीवरून टपटप पडत होता. जीभ डोळ्यापासून चार बोटांवर आली आणि गिरिधरनं मागून दोर टाकला. मी कुंपणावरून उतरून बाईंना बाहेर आणलं.

त्याच संध्याकाळी कमिटीसमोर फळी ठेवली. भैयाजी भडकले. "तोंड कुठं गेलं याचं?"

"तुमच्या बैलानं खाल्लं," बाई म्हणाल्या.

कमिटीतले दोघं हसले. मी दारात, पदराचं टोक तोंडात. भैयाजी फळीवर वाकले. चित्रातल्या डाव्या डोळ्यात बुबुळाच्या खाली तांदळाएवढा पांढरा डाग होता.

"गोऱ्हा होता तेव्हा काटा गेला होता त्याले," ते हळू आवाजात म्हणाले. "हे मी अन् गिरिधर सोडून कोणाले माहीत नाही. नाकाशी नाक लावल्याशिवाय दिसतच नाही." मग चाटलेल्या जागेवर बोट ठेवून, "तेवढं तोंड भरून द्या, बाई."

"नाही भैयाजी. ते त्याचं, त्यानं खाल्लं."

नव्या मास्तराला नको म्हणून निरोप गेला. फळी भैयाजींच्या बैठकीत तोंडाशिवायच लागली.

पुढं बाईंच्या प्रत्येक कापडाला खळ मीच दिली. दर वेळी बाई आधी त्यात बोट बुडवायच्या, जिभेला लावून पाहायच्या, माझ्याकडे एकदा बघायच्या आणि मगच कापड पुढं करायच्या.