भांडायला गेले आणि ओटी घेऊन आले

आमच्या भिंतीला लागून हळदीच्या पॉलिशचा ढोल बसला, त्या उन्हाळ्यात मी आयुष्यात पहिल्यांदा भांडण हरले. एकदा नाही, दोनदा. माझ्या माहेरी जाऊन विचारा, भांडणात माझा हात धरणारं अजून कोणी जन्मलं नाही म्हणतील.

वारंगा फाट्यापासून जरा आत, रस्त्याकडेला आमचं घर. शेजारचा प्लॉट बरीच वर्षं रिकामा होता. दोन बाभळी आणि आमची वाळवणं, एवढंच तिथं असायचं. मग एका जोडप्यानं तो घेतला, पत्र्याचं शेड ठोकलं आणि आत माणूस उभा राहील एवढा लोखंडी ढोल आडवा बसवला. शिजवून वाळवलेली हळद त्यात भरायची आणि मोटार लावून ढोल फिरवायचा. हळकुंडं एकमेकांवर घासतात, साल आणि मुळ्या झडतात, माल पिवळाधमक होऊन बाहेर पडतो. मला हे सगळं ठाऊक होतं. आमचीही हळद दरसाल अशीच पॉलिश होऊन यायची. फक्त ते कुठंतरी लांब चालायचं.

होळी झाली आणि ढोल सुरू झाला. घडघड घडघड, मधे श्वास म्हणून नाही. मांडणीवरची ताटं थरथरायची. नवऱ्याला जेवायला बोलवायचं तर मी हातानं घास दाखवायची. आणि त्या आवाजाबरोबर ती धूळ. अंगणातली तुळस पिवळी, दोरीवरचं धोतर पिवळं, आमची पांढरी शेळी पिवळी. दुपारी पत्र्यांच्या फटीतून ऊन यायचं तर तेही हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखं दिसायचं.

खरं सांगायचं तर त्या आवाजाची मला एक गुंगीच यायची. सूप घेऊन ज्वारी पाखडायला बसावं आणि डोळे जड व्हावेत. मग त्या घडघडीत मला आईचं जातं ऐकू यायचं. कधी नदीच्या पुरातले गोटे, कधी लांबच्या रस्त्यानं येणारी बैलगाडी. गाडी येतच राहायची, दारात कधी पोचायची नाही. जाग यायची तेव्हा सुपात धुळीचा थर बसलेला असायचा आणि किती वेळ गेला ते कळायचं नाही.

पण माझ्या सासूबाईंची गोष्ट वेगळी होती. मी त्यांना आत्याबाई म्हणते. मामंजी होते तेव्हा रातच्या लाइटीला हळद भिजवायला शेतात जायचे, आणि परत येऊन फाटकाची कडी वाजवेपर्यंत आत्याबाई जाग्या राहायच्या. मामंजी गेले, तरी त्यांचे कान कडीकडेच लागलेले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. झोप काय ती दुपारची, जेवण झाल्यावर ओसरीतल्या बाजेवर लागायची तेवढी. हिंगोलीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की गोळ्या वाढवून काही व्हायचं नाही, ही एवढी झोप तरी सांभाळा, नाहीतर बाई हातची जाईल. आणि आता तीच झोप ढोलानं नेली होती. बाजेवर नुसत्या पडून राहायच्या, डोळे उघडे, बोटं बाजेच्या सुंभावरून फिरत असायची. सणाच्या आधी भिंत खरवडून निघावी तसा चेहरा दिसायला लागला होता.

नवऱ्याला म्हटलं, जाऊन बोला. तर म्हणाला, आपली हळद पण तिथंच टाकायची आहे, सीझन दोन महिन्यांचा, दम धर. दम धरायला मी काय दम्याची पेशंट आहे? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पदर खोचला आणि मीच निघाले.

शेजारीण दारातच हळकुंडं निवडत बसली होती. माझ्याहून लहान, हडकुळी, कोपरापर्यंत पिवळी. मला बघून हसली. मी तोंड उघडायच्या आत पाट मांडला, पाणी दिलं, चहा टाकला. चहा पिऊन मी म्हटलं, आता बोलते. तेवढ्यात ती आतून करंडा घेऊन आली.

"पहिल्यांदाच घरी येऊन राहिलात, ताई. तशाच कशा जाल?"

हळद लावली, कुंकू लावलं, पदरात ओंजळभर गहू, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, सुपारी. आता सांगा, ओटी भरलेली बाई भांडणार कशी? दोन्ही हातांत पदर धरलेला, आणि हात उडवल्याशिवाय मला भांडताच येत नाही. आले तशीच घरी. माझं कपाळ आणि पदर बघून नवरा म्हणाला, काय गं, अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालीस. त्या दिवशी त्याला भाजीत मीठ जास्त पडलं.

दुसऱ्यांदा गेले तो नेमका चैत्राचा शुक्रवार. तिच्या घरी चार बाया बसलेल्या. पन्हं मिळालं, भिजवलेले हरभरे मिळाले, पुन्हा हळदीकुंकू. मी मूग गिळून परत.

त्या दुपारी आत्याबाई बाजेवर उठून बसल्या. माझ्या कपाळाकडे बघत राहिल्या. त्या बघण्यानं मला कसंनुसं झालं. गावात कुठं हळदीकुंकू असलं की त्या आपणहून आपल्याच घरात चुलीपाशी जाऊन बसतात. एकदा चुकून बायांच्या रांगेत बसल्या, तर करंडा त्यांच्यापाशी आला आणि लावणारीचा हात तसाच पुढच्या बाईकडे गेला. तेव्हापासून त्या कोणाच्या घरची पायरी चढल्या नव्हत्या.

"तुझ्या तोंडाला हळदीकुंकू आडवं येऊन राहिलं," त्या म्हणाल्या. "मला कोण लावतंय? मीच जाते."

आणि निघाल्या. चपला घालून, डोक्यावर पदर घेऊन. मला हसू आलं. मी घमेलं पालथं घालून त्यावर चढले आणि भिंतीवरून बघायला लागले.

ढोल जोरात होता. शेडमधे पिवळा धुराळा, आणि त्यात आत्याबाई उभ्या. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. हाताचं बोट एकदा ढोलाकडे गेलं, एकदा आमच्या घराकडे. शेजारीण उठली. काहीतरी बोलली. आत्याबाई परत यायला वळल्या, तर तिनं त्यांचा दंड धरला. मग आपला हात पदराला पुसला, समोरच्या परातीतली हळद बोटावर घेतली आणि आत्याबाईंच्या कपाळाला लावली. सावकाश, या भुवईपासून त्या भुवईपर्यंत. आत्याबाई हलल्या नाहीत. धुराळा वर चढत होता आणि त्या दोघी मला एकदम लांब गेल्यासारख्या दिसल्या, झोपेत माणसं दिसतात तशा. मला वाटलं, आत्ता त्या हात झटकतील. त्यांनी डोळे मिटले.

घरी आल्या त्या सरळ बाजेवर बसल्या. मी विचारलं, ढोलाचं काय झालं?

"पुरतं बोलायचं राहूनच गेलं," त्या म्हणाल्या.

"आणि ती काय म्हणली?"

त्यांनी डोक्यावरचा पदर मागे घेतला. "म्हणली, पहिल्यांदाच घरी येऊन राहिलात, मावशी. तशाच कशा जाल."

मला त्या शेजारणीचा हेवा वाटला, अगदी आतून. मी त्यांच्या हातचं खाते, त्यांचे पाय दाबते, आणि त्यांच्या कपाळाला हात लावला तो तिनं.

आत्याबाई आडव्या झाल्या. नेहमी त्या कुशीवर झोपतात, त्या दिवशी उताण्या पडल्या, मान सरळ ठेवून. हळद पुसू नये म्हणून ते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. ढोल चालूच होता. ताटं थरथरत होती. मी सूप घेऊन शेजारी बसले आणि बघते तर त्यांचा श्वास लांब झालेला, तोंड जरासं उघडं. दिवेलागणीला कोणाला झोपू द्यायचं नसतं, आत्याबाईंचाच नियम. मी दिवा लावला आणि त्यांना उठवलं नाही.

त्या उठल्या तेव्हा ढोल बंद झालेला होता. झोपेत कधीतरी कूस बदलली असावी, कारण उशीच्या अभ्र्यावर पिवळा डाग उमटला होता, बोटाएवढा. सकाळी मी अभ्रा धुवायला काढला तर त्यांनी माझ्या हातातून घेतला, परत उशीला चढवला आणि म्हणाल्या, राहू दे.